मागांच्या लाइनवरची गिटार

आवाजाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. स्वयंपाकात मला कुणीही शिकवावं, साडी नेसताना तर शेजारच्या पोरीसुद्धा माझ्या निऱ्या सारख्या करतात आणि मी मुकाट उभी राहते. पण गिटार कशी वाजली पाहिजे हे सांगायला आलेला माणूस आमच्याकडून सहसा चहा न पिताच परत जातो. यात बढाई नाही. ज्याला जे येतं त्याने ते ठणकावून सांगावं, उगाच लाजण्यात काय अर्थ? एवढ्या वर्षांत या विषयात मला एकाच बाईने गप्प केलं, आणि त्या बाईला गिटारच्या तारा किती असतात हे अजून मोजून सांगावं लागतं.

ती माझी कॉलेजातली मैत्रीण. मोडनिंबच्या पलीकडच्या एका वाडीतली, मेंढरं राखणाऱ्या घरातली. शिकायला सोलापुरात आली आणि मुलींच्या होस्टेलवर राहिली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो गाताना नव्हे, भांडताना. होस्टेलला त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी नळ आला होता आणि रांगेत कुणीतरी तिच्या बादलीपुढे आपली घागर सरकवली. तिने अशी काही हाळी दिली की वरच्या मजल्यावरच्या मुलीही खाली बघायला आल्या. माळावर पांगलेली मेंढरं एका हाकेत गोळा करायची सवय होती तिला. मी पुस्तक परत करायला गेले होते, ते तसंच हातात धरून ठरवून टाकलं की ही आपल्या बँडमध्ये गाणार. तोवर बँड नव्हता, पण ती किरकोळ गोष्ट होती.

बँड आमच्या कारखान्यात जमला. आमचं घर तेलुगू बोलणारं, विणकरांचं. मागच्या अंगाला यंत्रमागाची शेड, पुढे ऑफिस म्हणायची एक खोली, तिच्यावर आम्ही राहायचो. ड्रमवर माझा धाकटा भाऊ. ड्रम म्हणजे रंगाची रिकामी पिंपं आणि घरातली एक जुनी परात. आम्हाला वाजवायचं होतं गॅरेज-पंक. परदेशात पोरं गाडी ठेवायच्या शेडमध्ये उसन्या सामानावर, दोन-तीन कॉर्डांत, चिडून वाजवतात ते संगीत. त्यात सफाई चालत नाही. गिटार खरखरली पाहिजे, आवाजाला कडा पाहिजेत, ऐकणाऱ्याच्या दाताखाली खडा आला पाहिजे. आमच्याकडे गाडी नव्हती, मग गॅरेज कुठलं? कारखाना होता. चिडायला कारणंही भरपूर होती, त्यातलं पहिलं नळ. तिने गाणं लिहिलं तेही त्याच्यावरच:

"आठवड्यानं नळ आला,
फुस्स करून निघून गेला!"

पुढची कडवी महापालिकेबद्दल होती, ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

गिटारचा खास अँप्लिफायर घ्यायची ऐपत नव्हती. मी मंडपवाल्याकडचा जुना, लग्नात आणि जत्रेत वापरून झिजलेला अँप्लिफायर आणला आणि गिटार सरळ माइकच्या जागी खुपसली. स्पीकरचा कागद फाटला होता. तो वर्तमानपत्राची पट्टी लावून, सुताला लावायच्या खळीने चिकटवला. खळ वाळल्यावर कागद कडक झाला आणि त्यातून जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. जाडजूड, घोगरा, जरा दम लागलेला. तार छेडली की आधी थोडा दबायचा आणि मग गुरगुरत वर यायचा. मी भावाला म्हटलं, हा आवाज साऱ्या महाराष्ट्रात कुणाकडे नसेल. तो म्हणाला, "अक्का, कुणाला पाहिजे पण?" भाऊ असाच असतो.

गाणं आम्ही कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलं. आधी तिचा आवाज, मग माझी गिटार, मग पिंपं. शेवटी गिटार एकटीच बराच वेळ गुरगुरत राहते आणि थांबते. गाणं जोडून पुरं करायच्या आत हार्ड डिस्क गेली. परीक्षा आल्या, लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या. मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला लागले, भावाने कारखाना हातात घेतला, ती मोडनिंबला हायवेवर नवऱ्याबरोबर ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवू लागली. गाणं राहिलं ते राहिलंच.

मग तिच्या गळ्याला गाठ झाली. ऑपरेशन नीट झालं, गाठ गेली, जिवाचं भय टळलं. पण गाठ स्वरयंत्राच्या नसेला अशी चिकटलेली होती की ती काढताना आवाजाचा एक पडदा निकामी झाला. तसं होऊ शकतं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी मी तिला भेटायला गेले आणि तिने "ये, बस" म्हटलं तेव्हा मी दाराकडे बघितलं, कारण मला वाटलं दुसरंच कुणीतरी बोललं. अर्धा वारा आणि अर्धा आवाज. गिऱ्हाईकाला हाक मारायला ती काउंटरवर पाना आपटायची. मी घरी येताना एसटीत पदर तोंडाला लावून रडले. शेजारच्या आजींनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, कुणी नाही.

काही महिन्यांनी तीच सोलापूरला आली. तिच्या जुन्या ईमेलमध्ये तिला ते गाणं सापडलं होतं, म्हणजे नुसता तिचा आवाज. पिंपं कुठे बसतील ते विचारायला भावाने कधीतरी तेवढाच तुकडा तिला पाठवला होता म्हणून वाचला. गिटार मात्र कुठेच नव्हती. होती ती तिच्या मोबाइलमधल्या एका क्लिपमध्ये: मी ऑफिसात बसून शेवटचा भाग वाजवतेय, तिने जुन्या फोनवर घेतलेलं, थरथरतं चित्र.

"ह्ये पुरं कर," ती म्हणाली.

"करते की. दोन दिवसांत करते."

"तीच गिटार पायजे पण."

"तीच म्हणजे?"

तिने श्वास घेतला. तिला आता वाक्य पुरं करायला मध्ये थांबावं लागतं. "माझा आवाज हाय तवाचा. त्याच्याखाली आताची गिटार लावलीस, तर मी मेल्यागत वाटंल. फोटोला हार घातल्यागत. त्यापरास नगंच."

मी म्हटलं, तीच मिळेल. आणि मनापासून म्हटलं, कारण मला खात्री होती. तो आवाज माझा होता, मीच बनवला होता. आपण केलेली आमटी आपल्याला परत करता येऊ नये का?

पहिला प्रयत्न मी कॉम्प्युटरवर केला. हल्ली असे प्रोग्रॅम मिळतात की जगातल्या कुठल्याही अँप्लिफायरची नक्कल करतात. मी बटणं फिरवली, खरखर वाढवली, खालचे सूर जाड केले आणि तिला पाठवलं. तिने फोन केला.

"ह्यो आवाज आंघोळ करून आलाय."

मग मी नवा पेडल घेतला, पायाने दाबायचा, खास खरखरीचा. उत्तर आलं, "पावडर बी लावलीय आता."

माझा पारा चढला. म्हटलं, बाई, तुला काय कळतं यातलं? तर म्हणाली, "मला न्हाय कळत. मला ऐकू येतं."

मग मी कंबर कसली. माळ्यावरून मंडपवाल्याचा तोच अँप्लिफायर काढला. आतली धूळ झाडली, सुटलेली एक वायर जोडली. स्पीकरचा कागद आता पुरता गेला होता, म्हणून पुन्हा वर्तमानपत्र आणि पुन्हा खळ. भावाने खळ घट्ट करून दिली आणि म्हणाला, "अक्का, चादर विणायची का स्पीकरवर?" गिटार तीच, तारा तशाच जाड. आणि दिवसही तोच निवडला. मला पक्कं आठवत होतं की आम्ही कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी रेकॉर्ड केलं होतं. शांत दुपार होती, ऑफिसच्या दाराला चादरी टांगल्या होत्या, कुठे काही वाजत नव्हतं. म्हणून सुट्टीचा दिवस बघून मी बसले, तशाच चादरी टांगल्या, मनासारखं वाजवलं आणि पाठवलं.

"ह्यो बरा हाय," ती म्हणाली. मी खुश. मग म्हणाली, "पण जेवून आलाय. आपला उपाशी व्हता."

पुढच्या सुट्टीला पुन्हा. त्याच्या पुढच्या सुट्टीला पुन्हा. स्पीकर उलटा ठेवून पाहिला, माइक जवळ नेला, लांब नेला, खळ पातळ केली. दर वेळी आवाज तगडा यायचा, पण तो दबून मग वर येणं यायचं नाही. माझा आत्मविश्वास कमी झाला असं मी म्हणणार नाही. मी फक्त लोकांवर जास्त ओरडू लागले. शाळेतली मुलं घाबरून वेळेवर यायला लागली, तेवढा फायदा झाला.

शेवटी ती म्हणाली, मीच येते. पहिल्या एसटीने आली, सोबत बांधून आणलेल्या भाकरी आणि शेंगाचटणी. आमच्या घरी कुणी डबा घेऊन आलं की आईला राग यायचा. आई आता नाही, पण तिचा राग मी सांभाळून ठेवलाय. भाकरी बाजूला ठेवून मी म्हटलं, आज सुट्टी नाही, माग चालू आहेत, आज काही होणार नाही. उगाच आलीस.

ती म्हणाली, "मग काय झालं? तवा बी चालूच हुते की."

"कधी?"

"ह्ये घेतलं तवा." तिने क्लिप लावली आणि फोन माझ्या कानाला लावला. "ऐक की नीट. गिटारीच्या मागं ऐक."

मी ती क्लिप शेकडो वेळा ऐकली असेन. गिटारच्या गुरगुरीवर माझे कान इतके घट्ट बसले होते की मागे काही आहे हे मनातच आलं नव्हतं. आता ऐकलं, तर मागे सगळी शेड वाजत होती. खटाखट, खटाखट, एकमेकांवर चढलेले सगळे माग. भर कामाचा दिवस होता तो.

मला हसू आलं आणि लाजही वाटली. मागांच्या घरात वाढलेल्या माणसाला मागांचा आवाज ऐकू येत नाही. आम्ही झोपलो त्या आवाजात, अभ्यास केला त्या आवाजात. आमच्या घरात माग थांबले की लोक दचकून उठायचे, काय झालं म्हणून. ती चालू मागांची दुपार माझ्या आठवणीत शांत दुपार म्हणून बसली होती, कारण माझ्यासाठी ती शांतच होती. मेंढरांच्या माळावर वाढलेल्या तिला मात्र पहिल्या दिवसापासून तो कल्लोळ ऐकू येत होता. मग सांगितलं का नाहीस, असं मी चिडून विचारलं. म्हणाली, "मला वाटलं तुला म्हाईत हाय. तुझाच कारखाना न्हवं का?"

ठीक. मी लगेच बसले. माग चालू, गिटार चालू. आणि आवाज पुन्हा तसाच, जेवून आलेला. आता मात्र माझं डोकं फिरलं. मागांची खटखट मागे भरून आली होती, पण गिटारमध्ये त्याने काडीचा फरक पडला नव्हता.

मग मी क्लिप लावली ती ऐकायला नाही, बघायला. चित्रात माझ्या डोक्यावर बल्ब होता, जुना, तारेचा. तो हळदीसारखा पिवळा होता, आणि मी जोरात तार ओढली की आणखी मंद व्हायचा. मी वर बघितलं. तिथे आता एलईडी होता, पांढराशुभ्र. व्होल्टेज पडो की वाढो, त्याला काही सोयरसुतक नाही.

तिथे मला सगळं उमगलं. तेव्हा ऑफिसचा प्लग मागांच्याच लाइनवर होता. सगळे माग ओढायला लागले की व्होल्टेज खाली यायचं, पंखा रेंगाळायचा, आणि त्या बिचाऱ्या अँप्लिफायरला पोटभर वीज मिळायची नाही. मी गिटार जोरात मारायची आणि त्याच्या अंगात तेवढी ताकद नसायची. म्हणून तो आधी दबायचा, मग गुरगुरत उठायचा. उपाशी म्हणाली होती ती, ते अगदी शब्दशः खरं होतं. पुढे भावाने ऑफिसला वेगळी लाइन घेतली, स्टॅबिलायझर बसवला, आणि आवाज जेवायला लागला.

"जुनी लाइन आहे का अजून?" मी शेडच्या दारातून ओरडले. मागांच्या आवाजात भाऊ ओठ वाचतो. त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे जुन्या मागांच्या रांगेमागे काळा पडलेला प्लग होता. तिथून वायर ओढून ऑफिसात आणली, अँप्लिफायर त्यावर लावला आणि भावाला हाताने खूण केली: सगळे. दुरुस्तीसाठी थांबवलेले दोन माग होते, तेही त्याने चालू केले. सोबतच्या कामगारांनी एकमेकांकडे बघितलं, पण अक्काचं हे असंच असतं हे त्यांना ठाऊक आहे.

अँप्लिफायरवरचा लाल दिवा मंदावला. मी तार ओढली.

आला. आधी दबला, मग छातीतून उठल्यासारखा गुरगुरत वर आला, कडा सगळ्या फाटलेल्या, दाताखाली खडा. मी तिच्याकडे बघितलं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात वाजवलं, शेवटची ती लांबलचक गुरगुर पण. मग कॉम्प्युटरवर तिच्या आवाजाखाली ते बसवलं आणि हेडफोन तिच्या डोक्यावर घातले.

ऑपरेशननंतर तिने स्वतःचा तो आवाज इतका वेळ सलग ऐकला नव्हता, हे तिने मला नंतर सांगितलं. तेव्हा ती फक्त भिंतीकडे बघून ऐकत होती. एका जागी हसली, महापालिकेच्या कडव्याला. मग डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

"व्हय," ती म्हणाली. "हीच."

मी जिंकले होते. एवढी खुश मी लग्नातही नव्हते, हे नवऱ्याला सांगायला हरकत नाही, त्याला ठाऊकच आहे. मी वायर गुंडाळायला उठले तर तिने माझा हात धरला आणि मंडपवाल्याचा माइक मागितला. अँप्लिफायरबरोबर आलेला, जाळी चेपलेला जुना माइक.

"कशाला?"

"शेवटाला गिटार एकटीच हाय. तितं मी येते."

"अगं, डॉक्टरांनी ओरडू नको म्हणून सांगितलंय तुला."

"वरडत न्हाय. बोलते." मग थांबली, श्वास घेतला. "तुझ्या गिटारीचं व्होल्टेज पडलं, तवा ती बरी वाजली. माझं बी पडलंय की. मग मी का न्हाय?"

मी माइक दुसऱ्या जागी खुपसला, आवाजाचं बटण जिथवर जातं तिथवर नेलं, आणि भावाला पुन्हा सगळ्यांची खूण केली.

गाण्याचा शेवट लागला. तिने माइक ओठांना टेकवला आणि म्हणाली, "नळ आला." ओरडली नाही, खरंच नुसतं म्हणाली. पण उपाशी अँप्लिफायरने ते उचललं, आधी दाबलं, मग फाडून वर आणलं. घोगरं, खरखरीत, अर्धा वारा. पुन्हा म्हणाली. गिटार आणि तो आवाज शेजारी शेजारी गुरगुरत राहिले आणि कुठे एक संपतो आणि दुसरा लागतो ते मलाही सांगता आलं नसतं. भाऊ दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्या हातात मागातला सुताचा धोटा होता आणि मागे सगळे माग चालू होते.

गाणं आम्ही मागांच्या खटखटीसकट तसंच ठेवलं. मग बांधून आणलेल्या भाकरी सोडल्या आणि तिघांनी ऑफिसातच जमिनीवर बसून खाल्ल्या.

ते गाणं आता थोड्याफार लोकांकडे आहे. मोडनिंबच्या दुकानातही वाजतं. परवा मी तिथे असताना एका ट्रॅक्टरवाल्या पोराने नट मोजून घेता घेता तिला विचारलं की पहिल्यांदा गाणारी पोरगी चांगलीच आहे, पण शेवटाला येणारी ती दुसरी बाई कोण, तिचा आवाज लई भारी हाय.

तिने काउंटरवर पाना आपटला, त्याने वर बघावं म्हणून.

"दोनी मीच की," ती म्हणाली, आणि तो आवाज ऐकून पोरगं नट मोजायचं विसरलं.